भावजींनी तोललेल्या शाळा

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, तराजू दुरुस्त करतात. गावाच्या मुख्य रस्त्यावर, सायकलवाला आणि शिंपी यांच्या मधोमध त्यांची एक लांबुळकी खोली आहे. तिच्या आढ्याला लहानमोठे तराजू टांगलेले असतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, आत न्यायाधीशांची बैठक भरली आहे आणि कुठल्याशा चुकीबद्दल सगळ्या न्यायाधीशांना उलटं लटकवलं आहे. त्यांच्या खाली भावजी चष्मा कपाळावर सारून बसलेले असतात. चष्मा डोळ्यांवर का नाही, असं कोणी विचारलं तर ते म्हणतात, "दोन्ही काचांतून सारखं दिसत नाही. एकीतून जरा बरं दिसतं. मग कोणावर विश्वास ठेवायचा?"

एवढ्यावरून माणूस कळायला हरकत नाही, पण तरी सांगतो. भावजींना कुठलीही गोष्ट एकटी दिसतच नाही. तिच्या शेजारी दुसरी ठेवल्याशिवाय तिचं काय करायचं, हेच त्यांना सुचत नाही. टोमॅटो घ्यायचे तर एक या हातात, एक त्या हातात, आणि डोळे मिटून ध्यान. तोवर मागची माणसं टोमॅटो घेऊन घरी जाऊन जेवून येतात. डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं तर उत्तर येतं, "कालपेक्षा बरं, परवापेक्षा वाईट, शिंप्यापेक्षा पुष्कळच बरं." एकदा न्हाव्याकडे मिशीच्या दोन्ही बाजू सारख्या करून घेता घेता दोन्ही बाजू संपल्या. घरी आल्यावर ताईने नुसतं पाहिलं. भावजी म्हणाले, "आता मात्र अगदी सारख्या आहेत."

लग्न ठरतानाही त्यांनी विचार करायला वेळ मागितला होता. ताई आजही अधूनमधून विचारते, "अहो, एकदा खरं सांगा, तेव्हा माझी कोणाशी तुलना करत होता?"

"लग्न न करण्याशी," भावजी म्हणतात. "थोडक्यात वाचलीस."

असा हा माणूस. आणि लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, आशा सोडून दिल्यावर झालेली त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं कागदोपत्री नाव फार गोड आणि शांत आहे. ते तिला शोभत नाही म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणतात. शाळा सुटली की ती दप्तर घेऊन थेट दुकानात येते आणि एका बुटक्या स्टुलावर बसते. हे स्टूल भावजींनी ती अगदी लहान असताना पाय कापून तिच्या मापाचं केलं होतं. अर्थात चारही पाय सारखे करता करता ते जितकं बुटकं व्हायला हवं होतं त्याहून बरंच बुटकं झालं. ठिणगी वाढली, स्टूल तेवढंच राहिलं. आता ती त्यावर बसली की तिचे गुडघे हनुवटीला टेकतात, पण दुसरीकडे बसायचं ती नाव काढत नाही.

दुकानात तिच्याकडे एक खातंही आहे. दुरुस्त झालेला तराजू गिऱ्हाइकाला देण्याआधी शेवटची तपासणी तिची. एका पारड्यात वजन ठेवायचं, दुसऱ्यात माल, काटा मधोमध आला की दोन्हींची अदलाबदल करायची. तराजू खरा असेल तर पारडी बदलूनही काटा जागचा हलत नाही. हलला, तर तराजूत पासंग आहे, म्हणजे रिकामा असतानाच तो एका बाजूला झुकतो आणि तोलणाऱ्याला फसवतो. अशा वेळी ठिणगी गिऱ्हाइकाकडे बघून कोरडेपणाने म्हणते, "काटा खोटा आहे. उद्या या." मोठमोठे व्यापारी तिला घाबरून असतात.

तर या ठिणगीची चौथी संपत आली. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला कुठे घालायचं, हा प्रश्न उभा राहिला आणि घरातली शांतता बसली.

पंचक्रोशीत पाचवीच्या सरकारी शाळा तीन. तिन्हींना रंग एकच, पिवळट. सरकारने एकदाच मोठा डबा उघडला असावा आणि तो संपेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं असावं. एक बाजारगावात, मोठी आणि नावाजलेली. दुसरी गावाबाहेर, वेशीला लागून कालव्याच्या काठावर. तिसरी टेकडीपलीकडे, सकाळी एक बस जाते आणि संध्याकाळी तीच परत येते, तिथे. प्रवेश त्या आठवड्याअखेर बंद होणार होते.

"कालव्याच्या शाळेत घाला," ताई म्हणाली. "इथून हाक मारली तर ऐकू जाते."

"हाक ऐकू जाणं हा शाळेचा गुण नाही."

"मग कशाचा आहे?"

"हाकेचा," भावजी म्हणाले.

त्यांनी आधी चार माणसांना विचारून पाहिलं. सायकलवाल्याचा मुलगा बाजारगावात शिकतो, तो म्हणाला बाजारगावसारखी शाळा नाही. शिंप्याची मुलगी कालव्याला, तो म्हणाला कालव्यासारखी शाळा नाही. पोस्टमनला मूल नाही, तो म्हणाला शाळेसारखी वाईट गोष्ट नाही. भावजी वैतागले. "ज्याचं मूल जिथे, त्याचं पारडं तिथे. असल्या काट्यांवर मी काय तोलणार? स्वतः जाऊन बघायला हवं."

"आणि गेल्यावर विचारणार काय?" मी म्हणालो. "तुमची शाळा कशी आहे, असं? वाईट आहे म्हणून कोण सांगेल?"

"मेहुणे, शाळेबद्दल विचारायचंच नाही. प्रत्येक शाळेत एक तरी तराजू असतो. तो बघायला आलोय म्हणायचं. सगळी दारं उघडतात. माणसं खोटं बोलतात, काटाही बोलतो, पण काट्याचं मला कळतं."

मी सुट्टीवर आलो होतो आणि माझ्याकडे स्कूटर होती. मेहुण्याच्या अंगी एवढे दोन गुण असले की बहिणीच्या सासरी मान आपोआप मिळतो. पुढे ठिणगी उभी, मधे मी, मागे हत्यारांची पिशवी पोटाशी धरून भावजी, अशी आमची तपासणी निघाली. ताई दारातून म्हणाली, "येताना एखादी शाळा किलोभर बांधून आणा."

बाजारगावच्या शाळेला फाटक होतं, फाटकाला पहारेकरी होता, आणि पहारेकऱ्याच्या मागे जवळजवळ भिंतभर एक फलक होता. त्यावर निकालाचा आकडा एवढा मोठा रंगवला होता की पुढचं टक्क्याचं चिन्ह कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. खाली पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. सगळी मुलं एकसारखी गंभीर, जणू आपण पहिले आलो ही बातमी त्यांना नीट सांगितली गेली नव्हती.

मुख्याध्यापकांना तिथे मोठे सर म्हणतात. त्यांच्या चपला करकरत होत्या. ते म्हणाले, "आमचा निकाल पंचक्रोशीत पहिला. कधीही विचारा."

"मुलं कशी घेता?" भावजींनी विचारलं.

"चाचणी घेऊन. तल्लख असतील तेवढीच घेतो."

"आणि बाकीची?"

"बाकीच्यांसाठी बाकीच्या शाळा आहेत ना," मोठे सर प्रेमाने म्हणाले.

प्रयोगशाळेतला तराजू काचेच्या पेटीत होता, पेटी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. तो आल्यावर तराजू बाहेर निघाला. काय तराजू होता म्हणून सांगू. पितळेची पारडी, आत कारखान्याचा कागद अजून घडी न मोडलेला. भावजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की ताईने ते दृश्य पाहिलं असतं तर तिला तुलनेचा विषय मिळाला असता.

"एकदाही चुकलेला नाही हो हा," ते म्हणाले.

"आमच्याकडे चूक नसतेच," मोठे सर म्हणाले.

"नाही, एकदाही वापरलेला नाही, म्हणून म्हटलं."

ठिणगीने तिथल्या एका मुलीला विचारलं, "यावर काय तोलता तुम्ही?"

"काही नाही. तपासणीला साहेब येतात, त्यांना दाखवतात."

बाहेर आल्यावर मला वाटलं, झालं, ही शाळा बाद. पण भावजी फलकासमोर उभे राहून आकडा बघत होते. "मेहुणे, काही म्हणा, आकडा आकडा असतो. एवढं जड पारडं वर उचलायला दुसऱ्या शाळांकडे काहीतरी पाहिजे."

ठिणगी म्हणाली, "मला नाही आवडली."

"का?"

"इथे हसल्यावर आवाज घुमतो."

दुसऱ्या दिवशी कालव्याची शाळा. तिथले हेडमास्तर भावजींचे लहानपणापासूनचे मित्र. दोघांनी एकाच विहिरीत पोहायला शिकताना एकमेकांना बुडवलेलं आहे. त्यामुळे तिथे आम्हाला खुर्च्या आल्या, चहा आला, बिस्किटं आली. झाडाची दाट सावली, झोपाळा, कालव्यावरून येणारा गार वारा. शिक्षकांपैकी निम्मे ठिणगीला नावाने ओळखत होते. शाळा इतकी आरामशीर की मला स्वतःला पाचवीत बसावंसं वाटलं.

तराजू तिथे स्वयंपाकघरात होता, धान्य मोजायला. त्याच्या एका पारड्याला सुतळीने दगड बांधलेला.

"हा दगड कशाला?" भावजींनी विचारलं.

"काढला की काटा रुसतो," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. "आमचं चालतंय."

"चालतंय" हा त्या शाळेचा मंत्रच असावा. पाण्याचा नळ गळत होता. शिपाई म्हणाला, चालतंय. खिडकीला काच नव्हती. वारा येतो, चालतंय. गणिताचे सर बदली होऊन गेले होते आणि त्यांच्या जागी अजून कोणी आलं नव्हतं.

"मग गणित?" मी विचारलं.

"चित्रकलेचे सर घेतात," हेडमास्तर म्हणाले. "आकृत्या फार सुंदर येतात मुलांच्या. चालतंय."

भावजी हसले, पुन्हा चहा प्याले, पटांगणाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मला वाटलं, वर्ग बघत असतील. जाऊन पाहिलं तर ते रस्त्याकडे बघत होते. तिथून झाडांच्या फटीतून त्यांच्या दुकानाची पाटी दिसते.

"बरं आहे इथे," ते म्हणाले. "नाही का?"

"काय बरं आहे?"

"सगळंच. वारा वगैरे."

टेकडीची शाळा राहिली होती. खरं तर भावजींना तिथे जायचंच नव्हतं. चढ फार, स्कूटर तापेल, पिशवी जड आहे, अशी कारणं सुरू झाली. पण ठिणगी म्हणाली, "दोन वजनं बघून तिसरं टाकून द्यायचं का?" हे त्यांचंच वाक्य होतं, त्यामुळे त्यांना ते फार पटलं.

टेकडी उतरल्यावर एका वळणावर ती शाळा एकदम समोर येते. खोल्या कमी, म्हणून निम्मे वर्ग ओसरीवर. फलक नाही. दारात एक उंच बाई उभ्या होत्या. त्यांच्या अंबाड्यात खडू खोचलेला होता आणि दुसरा खडू त्या शोधत होत्या. या शाळेच्या मुख्याध्यापिका त्याच, पाचवीच्या वर्गशिक्षिका त्याच, आणि घंटाही त्याच देत असाव्यात, कारण आम्ही आलो तेव्हा घंटेचा दांडा त्यांच्या काखेत होता.

"तराजू?" त्या म्हणाल्या. "आहे ना. पण तुम्ही हसायचं नाही."

ओसरीवर खिळ्याला कपडे टांगायचा एक हँगर लटकत होता. त्याच्या दोन्ही टोकांना डब्यांची झाकणं दोऱ्यांनी बांधलेली. मुलांनी केलेला तराजू. भोवती पाचसहा जणांचं घनघोर भांडण चाललं होतं, कारण डस्टर जड की खडूंचं खोकं जड यावर दोन पक्ष पडले होते. भावजी हसले नाहीत. उलट त्यांचा चष्मा कपाळावरून आपोआप डोळ्यांवर आला, आणि हे मी वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं.

ठिणगी गर्दीत घुसली. "तुमचा काटा खोटा आहे."

"खोटा नाही," दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली. "गेल्या आठवड्यापर्यंत खरा होता."

"पारडी बदलून बघ मग."

डस्टर इकडे आलं, खोकं तिकडे गेलं. इतका वेळ डस्टर जड होतं, आता खोकं जड झालं. भांडण थांबलं, कारण दोन्ही पक्ष हरले होते.

"मग आता?" दोन वेण्यांनी विचारलं.

"नीट करायला लागेल."

"मग कर की."

ठिणगीने बाह्या वर सारल्या. इकडे भावजी बाईंना म्हणाले, "पाचवीला नवं मूल आलं की सुरुवात कशी करता?"

"पहिला महिना मी धडा करत नाही," बाई म्हणाल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. तुमच्याआमच्या लेखी धडा म्हणजे पुस्तकातला धडा. पण तराजूवाल्याचा धडा निराळा. तेल घ्यायला गिऱ्हाईक डबा घेऊन येतं. तेल घालण्याआधी रिकामा डबा एका पारड्यात ठेवतात आणि त्याच्याबरोबरीचे दगडगोटे दुसऱ्यात घालून काटा मधोमध आणतात. याला म्हणतात डब्याचा धडा करणं. म्हणजे मग जे तोललं जाईल ते तेलच, डबा त्यात धरला जात नाही. धडा न करता तोलणारा माणूस भावजींच्या मते एक तर अडाणी, नाही तर चोर.

त्यामुळे भावजींचा चेहरा पडला. "धडा करत नाही? मग तोलता कसं?"

"काय तोलते?"

"मूल."

"आम्ही मुलांना तोलत नाही, शिकवतो," बाई जरा तुटकपणे म्हणाल्या.

"पण धड्याशिवाय…"

"महिना गेल्यावर करते की धडे. तोवर नुसती बघत असते. मूल येताना काय घेऊन आलंय ते. कोणाला वाचता येतं, कोणाला फक्त घोकता येतं. एकजण शेळ्या राखतो, त्याला बेरीज शिकवावी लागत नाही, पण अक्षर ओळखत नाही. ते एकदा नीट कळलं, की पुढे जे वाढेल तेवढंच आमचं. घरून आणलेलं आमच्या नावावर कशाला मांडायचं?"

भावजी ओसरीवरच बसले. "बाई, हाच तर धडा."

"अहो, नाही करत म्हणतेय ना मी धडा."

"करता. महिनाभर तुम्ही धडाच करता. दुसरं काही करतच नाही तुम्ही."

रुग्ण तापात बडबडायला लागला की डॉक्टर जसे नातेवाइकांकडे बघतात तसं बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मी डबा, तेल आणि दगडगोटे समजावून सांगितले. बाई ऐकत गेल्या, आणि शेवटी अशा हसल्या की अंबाड्यातला खडू खाली पडला. "म्हणजे इतकी वर्षं मी धडा न करता धडा करतेय," त्या म्हणाल्या.

"आणि मी मूर्खासारखा डब्यासकट तोलत बसलो," भावजी मला म्हणाले. "बाजारगावचा आकडा हो. ती मुलं चाचणीतून निवडून घेतलेली. डबाच जड आहे. शाळेने आत तेल किती घातलं, हे त्या फलकावर कुठे लिहिलंय?"

निघताना ठिणगीला हँगरपासून सोडवायला बराच वेळ लागला. दोऱ्याची एक गाठ सोडून झाली होती, दुसरी राहिली होती. "येतेस ना परत?" दोन वेण्यांनी विचारलं. ठिणगीने वडिलांकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर भावजींनी कशाचीच कशाशी तुलना केली नाही. मला वाटलं, निकाल लागला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत असूनही मला असं वाटलं, ही चूक माझीच.

संध्याकाळी दुकानात गेलो तर भावजींनी आढ्याचा सगळ्यात मोठा तराजू खाली काढला होता. बाजारगाव आता बाद होतं. डाव्या पारड्यात कालव्याची शाळा, उजव्या पारड्यात टेकडीची. प्रत्येक गुणाला एक वजन. ताई चहा घेऊन आली आणि कपाळाला हात लावून तिथेच बसली. ठिणगी तिच्या स्टुलावर, गुडघे हनुवटीशी.

"बाई," असं म्हणून भावजींनी उजवीकडे मोठं वजन ठेवलं. पारडं धाडकन खाली गेलं. "भांडणारी मुलं." आणखी एक. मग डावीकडे वळले. "सावली."

"सावलीला केवढं?" ताईने विचारलं.

"मध्यम. मग वारा. झोपाळा. शिक्षक ओळखीचे. बस चुकायची भीती नाही."

"तिथे बस नाहीच, तर चुकणार कशी?"

"तोच गुण. शिवाय रस्ता ओलांडावा लागत नाही."

"अहो, लागतो की. आपल्या दुकानासमोरूनच."

"ओळखीचा रस्ता आहे," असं म्हणत त्यांनी तेही वजन ठेवलं. मग हेडमास्तर, मग बिस्किटं, मग आणखी एक छोटंसं वजन, ज्याला नाव मिळालं नाही. डावं पारडं हळूहळू खाली आलं. भावजींनी हात झटकले आणि चहाचा कप उचलला. "बघा. कालव्याची शाळा. मी म्हणत नाही, काटा म्हणतोय."

ठिणगीचा चेहरा इतका उतरला की मला तिच्याकडे बघवेना. एरवी ही पोरगी हातपाय आपटते, त्या दिवशी ती नुसती तराजूकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, पारडी बदलायची राहिली."

"वजनं इकडची तिकडे करून काय होणार? मीच ठेवलीत."

"वजनं नाही. शाळा बदला. समजा, बाईंची शाळा कालव्यावर आहे. आणि हेडमास्तरकाकांची टेकडीपलीकडे. मग मला कुठे घालाल?"

"मग काय विचारायचं? सरळ बाईंच्या…" भावजी म्हणाले आणि थांबले.

ताईने पुढे होऊन त्यांच्या हातातला कप काढून घेतला, कारण तो तिरका व्हायला लागला होता.

"काटा खोटा आहे," ठिणगी म्हणाली. व्यापाऱ्यांशी बोलते त्याच सुरात, जराही दयामाया न दाखवता.

"पासंग आहे," भावजी कबूल झाले.

"कुठे?"

एरवी असं विचारलं की ते दांडी बघतात, साखळ्या बघतात, टांगायचा आकडा चाचपतात. त्या संध्याकाळी त्यांनी वर पाहिलंच नाही. ते त्या बुटक्या स्टुलाकडे बघत राहिले. "शाळा सुटली की तू इथे येऊन बसतेस," ते म्हणाले. "टेकडीला गेलीस तर अंधार पडायच्या सुमारास येशील. तोवर हे रिकामं. तेवढाच काय तो पासंग."

"तेवढाच म्हणजे केवढा?" ताईने विचारलं.

"आहे. बऱ्यापैकी आहे."

"माझाही आहे की थोडा," ताई म्हणाली. "हाक ऐकू जाते म्हणाले होते ना मी. शाळेसाठी थोडीच म्हणत होते."

ठिणगीला हे सगळं फार लांबतंय असं वाटलं असावं. "मी काय तिथेच राहणार आहे का? बस येते की परत. आणि मला तो हँगर नीट करायचाय. एक गाठ राहिली आहे."

तराजूच्या धंद्यात पासंग काढून फेकता येत नाही. समोरच्या बाजूला तेवढंच काहीतरी बांधावं लागतं. भावजींनी त्यावर काय बांधलं, ते मला मुद्दाम जाऊन बघावं लागलं.

शाळा सुरू झाली तेव्हा मी पुन्हा एकदा ताईकडे आलो होतो. संध्याकाळी दुकान बंद दिसलं. शेजारी शिंप्याला विचारलं, तर तो सुई दातात धरून म्हणाला, "थांब्यावर बसलेत. दुकान आता लवकर बंद होतं. गिऱ्हाइकांना म्हणतात, उद्या या, काटा कुठे पळून जात नाही."

थांब्यावर गेलो. रस्त्याच्या कडेला, त्या पाय कापलेल्या स्टुलावर, भावजी बसले होते. त्यांचे गुडघे कानांच्या बाजूला आले होते. येणारेजाणारे हसत होते आणि भावजी त्यांना हात करत होते.

"मेहुणे, या बसपेक्षा ती दूधवाली गाडी जास्त वेळेवर येते," ते म्हणाले. "मी रोज बघतोय. पण बसचा ड्रायव्हर वळण जास्त सांभाळून घेतो."

बस आली. ठिणगी उडी मारून उतरली. हात खडूने पांढरे, केसांत कसलंसं गवत.

"धडा झाला का?" भावजींनी विचारलं.

"नाही. बाई म्हणाल्या, इतक्यात नाही."

"शाबास," असं म्हणून भावजींनी माझ्याकडे अशा अभिमानाने पाहिलं, जणू पोरगी बोर्डात आली. "आणि हँगर?"

"अजून खोटाच आहे. पण आता दुसऱ्या बाजूने." मग ती माझ्याकडे वळली. "मामा, त्या दोन वेण्यांवालीला काही कळत नाही. उद्या आम्ही पुन्हा भांडणार आहोत."

हे तिने फार आनंदाने सांगितलं. तिने स्टूल उचललं, भावजींनी तिचं दप्तर घेतलं आणि आम्ही घराकडे निघालो. चार पावलं जातात न जातात तोच भावजी थांबले. दप्तर एका हातात, स्टूल तिच्याकडून मागून घेऊन दुसऱ्या हातात, डोळे मिटलेले.

"स्टुलापेक्षा दप्तर जड आहे," ते काळजीने म्हणाले. "पाचवीच्या पोरीला इतकी पुस्तकं?"

"बाबा, आत जेवणाचा रिकामा डबा आहे," ठिणगी म्हणाली. "आधी त्याचा धडा करा."